फुटक्या मोबाइलवरचे मेसेज

मोबाइलचा डिस्प्ले फुटला की लोक नवा घेतात आणि जुना दुकानदाराकडेच टाकून जातात. नाशिकरोडला आमच्या दिलीपच्या रिपेअरिंगच्या दुकानात असे फोन बिस्किटाच्या डब्यांत भरून ठेवलेले असायचे. आमच्याकडे किस्सेही तसेच साठले. मुद्दाम कोणी जमवले नाहीत, पण टाकूनही देववले नाहीत!

आम्ही चौघं. दिलीप, पॉलिटेक्निकच्या लॅबमधला रत्नाकर, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या उषा मॅडम आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी करणारा मी. रविवारी दुकान बंद असायचं, तेव्हा आमचा उद्योग चालायचा. फोनचा पडदा गेला तरी खालचं सॉकेट जिवंत असतं. त्याला दोन-तीन तारा जोडायच्या आणि त्या एका छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपला द्यायच्या. फोनवर 'ON' असा मेसेज आला की ती चिप तो वाचणार आणि दिवा, पंखा, मोटार, जे जोडलं असेल ते चालू करणार. वर 'चालू झालं' असा उलटा मेसेजही पाठवणार. आज यात काहीच नाही. दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत मात्र आम्हाला वाटायचं, आपण रॉकेट सोडतोय!

* * *

पहिला फोन जोडला त्या दिवसाची गोष्ट. रत्नाकरच्या प्रोग्रॅमचा नियम साधा होता. मेसेज वाचायचा, कॉम्प्युटरवर दाखवायचा, पुसायचा आणि पुढचा घ्यायचा. त्या फोनमध्ये कुणाचे तरी जुने मेसेज राहिले होते. ते एकेक करून झळकले. 'मम्मी पोचलो.' 'मम्मी जेवलो.' 'मम्मी पेपर सोपा होता.'

"गुणी पोरगं दिसतंय!" दिलीप म्हणाला.

सगळे पुसले गेले, मग आमचा 'ON' आला, दिवा लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी दुकानात एक बाई आल्या. "दादा, मिस्टरांनी इथे एक फोन टाकला होता. मुलाचे मेसेज आहेत हो त्यात. मागच्या महिन्यात अ‍ॅक्सिडेंटमध्ये गेला तो."

दिलीप खोटं बोलला नाही. मेसेज पुसले गेल्याचं त्याने सांगितलं आणि आठवत होते ते तीन तोंडी म्हणून दाखवले. बाई म्हणाल्या, "पेपर कसा होता म्हणाला?"

"सोपा होता."

"गणिताचा असणार. नापास झाला त्यात. खूप बोलले होते मी त्याला."

त्यानंतर दिलीप कुठलाही फोन जोडण्याआधी त्यातले मेसेज वहीत उतरवून घ्यायला लागला.

* * *

मखमलाबादच्या सीताबाई झेंडू लावायच्या. गुडघे गेलेले, विहीर लांब. त्यांच्या मोटारीला आम्ही फोन बसवून दिला. त्या भाचीकडून मेसेज लिहून घ्यायच्या आणि मोटार सुरू व्हायची. लय खूश!

दसरा पंधरा दिवसांवर आला होता. भरदुपारी त्या फोनवर एक जाहिरात आली, 'ONLY FOR YOU'. आमचा प्रोग्रॅम पहिली दोनच अक्षरं वाचायचा. O आणि N. झालं! मोटार सुरू झाली. सीताबाई नेमक्या लग्नाला गेल्या होत्या. संध्याकाळी परत येतात तर अख्खा झेंडू पाण्यात उभा. आठवड्यात मुळं कुजली.

आम्ही चौघं माफी मागायला गेलो. उषा मॅडमना तर रडूच आलं. "चूक आमची आहे, मावशी. यंत्राला आम्ही दोनच अक्षरं वाचायला शिकवलं."

सीताबाईंनी चहा टाकला. म्हणाल्या, "रडू नका बाई. यंत्र माझ्यासारखंच निघालं. माझा मालक गेला तवा दिरानं कागद पुढं केला. मी बी दोनच अक्षरं वाचली अन् सही ठोकली. तीन बिघं गेलं. तुमचा तर निस्ता झेंडू हाय."

* * *

दिंडोरीच्या पुंडलिक बापूंची द्राक्षबाग होती. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि बापू ओटीवरच्या खाटेला खिळले. मुलाच्या सांगण्यावरून आम्ही बागेतल्या मोटारीला फोन जोडला. बापू डाव्या अंगठ्याने मेसेज करत, 'मोटार चालू' असं उत्तर येई. महिन्याने आम्ही विचारायला गेलो, "बापू, कसं काय चाललंय?"

बापूंची जीभ जड झाली होती. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "यंत्र भारी हाय. पण पाण्याचा आवाज नाय येत."

रत्नाकर तिथेच कामाला बसला. मोटारीजवळच्या फोनवर बापूंचा कॉल आला की तो आपोआप उचलला जाईल, असा बदल त्याने केला. माइक हौदाच्या तोंडाशी बांधला. बापूंनी नंबर लावला, फोन कानाशी धरला आणि दुसऱ्या कुशीवर वळायचा प्रयत्न केला. आम्ही काही विचारणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"आता... बोलू नका कोणी."

* * *

एकदा दिंडोरीहून एसटीने येताना माझ्या पिशवीतून तारा गुंडाळलेला मोबाइल बाहेर डोकावला. शेजारच्या बाईंनी किंचाळून गाडी थांबवली. बॉम्ब! रत्नाकर आणि मी सरळ पोलीस चौकीत. वयस्कर हवालदाराने टेबलावर बल्ब ठेवायला लावला आणि खरंखोटं बघायला स्वतःच्या फोनवरून 'ON' पाठवला. बल्ब लागला. 'OFF' पाठवला. विझला. चार-पाच वेळा त्यांनी ते केलं. आम्हाला वाटलं, सुटलो!

मग ते हळूच म्हणाले, "कितीही लांबून चालतं?"

"हो साहेब."

"आणि समोरच्याने नंबर बदलला असेल तर? पोरगी आहे माझी. लग्न करून गेली, बापाला नंबर नाही दिला. जुन्यावर पाठवलेलं तिच्याकडे जाईल, असं काही करता येतं का?"

रत्नाकर म्हणाला, "तसलं अजून निघालं नाही, साहेब."

हवालदारांनी बल्ब काढून आमच्या पिशवीत ठेवला. "निघालं की सांगा."

* * *

रत्नाकरची आई इगतपुरीला एकटी राहायची. नाशिकला यायला तयार नव्हती. ती गेली तेव्हा तेराव्यानंतर घर आवरायला आम्ही तिघं त्याच्याबरोबर गेलो. दाराच्या चौकटीला त्याने कधीतरी बसवलेलं लोहचुंबकाचं बटण आणि एक जुना फोन होता. सकाळी दार उघडलं की त्याच्या मोबाइलवर मेसेज यायचा, 'आईने दार उघडलं'. म्हणजे आई उठली, ठीक आहे. त्याच्या सगळ्या कामांत हे आम्हाला सर्वांत आवडायचं.

स्क्रू काढता काढता रत्नाकर म्हणाला, "हे बसवायच्या आधी मी दिवसाआड फोन करायचो. रविवारी यायचो. बसवल्यावर फोन कमी झाले. रविवार तर तुमच्यात जायचा. मेसेज येतोय ना, मग झालं!"

मग त्याने आदल्या पावसाळ्यातली एक सकाळ सांगितली. त्या दिवशी मेसेज आला नाही. सहा वाजले, सात, आठ. आई फोन उचलेना. शेजारचाही लागेना. रत्नाकर तशाच पावसात मोटरसायकल काढून इगतपुरीला पोचला. दोन्ही हातांनी दार बडवलं. आईने शांतपणे कडी काढली. अंगावर धुतलेलं पातळ, केस विंचरलेले. आत पाटावर दोन ताटं वाढलेली.

तो ओरडलाच, "आई! जीव गेला ना माझा! दार का नाही उघडलंस?"

आई म्हणाली, "रोज उघडते. तेव्हा कुठे येतोस?"