बाहेरून घातलेली कडी

उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी शेतात शेण-पाला पसरून भाजतात, त्या राबाचा धूर नाकात गेला की मी आजही दचकतो. तेव्हा मी मार्गासनीला मास्तर होतो आणि माझी पहिली कादंबरी शेवटच्या दोन प्रकरणांपाशी अडली होती. शाळेला सुट्टी होती, पण एका जागी बूड ठरत नव्हतं. घटकेत ओढ्यावर, घटकेत चावडीवर. शेवटी घरमालकीण म्हातारीला म्हणालो, “मावशी, शेतावर जाताना बाहेरून कडी घाला.” तिनं घातली. तासाभरात भिंती अंगावर आल्या, आणि घरामागून तिच्याच राबाचा धूर खिडकीत आलेला पाहून, बाहेर पडायला मिळावं म्हणून मी चक्क खोटंच ओरडलो, “आग! आग!” पेटता राब टाकून ती धावत आली, कडी काढली, तर आत मी धडधाकट आणि कागद कोरा. आम्ही दोघं शेताकडे पळालो, तोवर बांधावरची तिची वैरणीची गंजी पेटली होती. “मास्तर, पेटल्या राबापासनं हलायचं नसतं. तुमच्यापायी हलले,” एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं कडी घातली नाही. दार सताड उघडं होतं आणि मी जागचा उठलो नाही. वाचक त्या शेवटच्या प्रकरणांना नावाजतात. मला त्यांतून अजून जळक्या वैरणीचा वास येतो.