कंपनीचा कार्यक्रम

तुरुंगात मी कोर्टाच्या तारखेला घाबरले नसेन, इतकी त्या दिवशी माझ्या सात वर्षांच्या मुलीला घाबरले.

माझी केस अजून उभी राहायची होती. मुलगी दौंडला माझ्या बहिणीकडे. बहिणीनं तिला सांगून ठेवलं होतं, आई रांजणगावच्या कंपनीत असते, तिथंच राहते, सुट्टी देत नाहीत. आत येण्याआधी मी शिरूरकडच्या आमच्या गावातून रोज कंपनीच्या बसनं पॅकिंगला जायची, म्हणून पोरीला ते पटलं.

तुरुंगात दर आठवड्याला एक नाटकवाल्या ताई यायच्या. आधी आमच्याकडून लिहून घ्यायच्या, मग त्याचंच नाटक बसवायच्या. बाकीच्या बायकांनी नवरा, सासू असलं काय काय लिहिलं. मी कंपनी लिहिली. ताईंना तेच आवडलं. सुपरवायझर मीच झाले. आरडाओरडा मला शिकवावा लागत नाही.

नाटकाला घरच्यांना बोलवायची परवानगी मिळाली आणि बहिणीच्या डोक्यात किडा वळवळला. भेटीच्या दिवशी, मुलाखतीला येऊन म्हणाली, "पोरीला आणते. कंपनीचा कार्यक्रम हाय म्हणते. गेटावर झडती घेत्यात, ती कंपनीत बी घेत्यातच की. पोलीसबाया म्हंजी सिक्युरिटी."

"तिला कळलं म्हंजी?"

"लेकरू हाय, काय कळतंय!"

माझी झोपच उडाली. प्रत्येक बाईच्या हातापाया पडून सांगितलं, वकील, तारीख, जामीन, यातलं काही पोरीपुढं तोंडातून काढू नका. सगळ्यांनी शब्द दिला.

नाटक सुरू झालं. पोरगी पुढच्याच रांगेत बसली होती. माझा आवाज नीट निघाला. मी कामगार बायकांना झापलं तशी ती खुदकन हसली. मला वाटलं, निभावलं.

मग नाटकात जेवणाची सुट्टी संपल्याची शिट्टी होती. तालमीत ताई नुसती टाळी वाजवायच्या, कारण शिट्टी आत आणू देत नव्हते. परवानगी त्याच दिवशी मिळाली. ताईंनी हौसेनं जोरात फुंकली, आणि आम्ही सगळ्या होतो तिथं जोडीजोडीनं खाली बसलो, माना खाली घालून. आत शिट्टी म्हणजे गिनती. डोकी मोजून होईपर्यंत हलायचं नाही. सुपरवायझर असून मीही बसले. बघायला आलेल्या कैदी बायकासुद्धा आपापल्या जोडीत सरकल्या. कुणी हसलं नाही. पोरीकडे बघायची हिंमत होईना.

ताईंनी कसंबसं सावरलं, नाटक संपलं. घरच्यांना भेटायला थोडा वेळ दिला. बहीण मागं ताईंशी बोलत राहिली आणि पोरगी पळत येऊन माझ्या गळ्यात पडली. कानाशी लागून म्हणाली, "आई, ह्या सिक्युरिटीच्या बाया तुला मारत्यात का?"

"न्हाई गं."

"मग शिट्टी वाजल्यावर घाबरलीस कशापायी?"

आता खोटं सुचेचना. म्हणाले, "मला हितनं सोडत न्हाईत, म्हणून."

तिनं मावशी कुठं आहे ते वळून बघितलं.

"मला कळलंय हे मावशीला सांगू नगं. ती रडंल."

बहीण जवळ आली, तिनं विचारलं, "काय गं, आवडलं का?"

माझा पदर न सोडता पोरगी म्हणाली, "कंपनीचा कार्यक्रम लय भारी झाला, मावशे."