शेवटची थाप

"मॅडम, हा फ्रेंचचा तास हाय का भाकरीचा?" संस्थेचे सचिव धुळाप्पा दारातनंच गरजले.

बाकांवर थापा देणारे तीस पोरींचे हात थबकले. फ्रेंच शिकवणाऱ्या भुवनेश्वरीची कानशिलं तापली. ती मंद्रूप गावच्या अक्कम्माची लेक. आई सोलापुरात खानावळीत भाकऱ्या थापायची, लेक परातीशेजारी बसून फ्रेंचच्या कॅसेटी ऐकायची. तिथंच तिला उमगलं, फ्रेंच शब्दाचे तुकडे थापांसारखे पडतात. सगळे सारख्या वजनाचे. मध्येच जोर लावला की भाकरी फाटते, तसाच शब्दही. शेवटच्या तुकड्यावर तेवढा हात जरा रेंगाळतो. नऊ वर्षं ती असंच शिकवत होती.

"सोमवारपासून तास हे घेतील." धुळाप्पांनी शेजारच्या तरुणाकडे बोट केलं. "महेश्वर सर, पुण्याचे. उच्चार कसे, साहेबी! तुमचे म्हंजे मंद्रूपचे."

भुवनेश्वरी वर्गाकडं वळली. "झीनत, ऊठ. विद्यापीठाला काय म्हणायचं?"

झीनतनं बाकावर थापा दिल्या. "यु-नि-व्हेर-सि-तेऽ."

महेश्वर हसला. "असं नाही गं. युनि-व्हेऽऽर-सिते!" मधल्या तुकड्यावर पाय आपटावा तसा जोर.

"फाटली!" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग खदखदला.

भुवनेश्वरी हसली नाही. तिनं मोबाइलवर एका फ्रेंच बाईचं वाचन लावलं. तोच शब्द. चार थापा सारख्या, पाचवी लांब. तिनं पुन्हा लावलं. महेश्वरचा चेहरा उतरला.

"साहेब, बाईंचंच बरोबर आहे," तो पुटपुटला. "मी इंग्रजीच्या सवयीनं बोललो."

"बरं, ऱ्हाऊ द्या तास तुमच्याकडं," धुळाप्पा घुश्शात म्हणाले. "पण ते थापणं बंद. लोक हसत्यात की."

"कोण लोक? डब्यात भाकरी चालती, वर्गात तिची लाज वाटती व्हय?" भुवनेश्वरीचा आवाज चिरकला. "माझ्या आईच्या हातानं मला ही भाषा शिकवली. थाप बंद, तर मीबी बंद!"

"उद्या बघतो तुमच्याकडं!"

"या की."

दुसऱ्या दिवशी धुळाप्पा आले, तर फळ्याखाली परात मांडून अक्कम्मा बसलेली. पिठानं हात पांढरे. तिनं मान वर केली नाही.

"या साहेब. पन चपला भाईर काढा, हितं पीठ हाय."

थाप, थाप, थापऽ. "शो-को-लाऽ," पोरी म्हणाल्या.

धुळाप्पा आत आले नाहीत. पण थापणं बंद करा, हेही त्यांच्या तोंडून निघालं नाही.