उलट्या बाजूने बाजार

आधीच सांगून टाकते, मी चित्रकला कुठे शिकले नाही. शाळाच सातवीपर्यंत, तर चित्रकला कुठली? साठी उलटल्यावर हात शिवशिवायला लागले. वहीच्या कागदावर माझं काही भागेना, म्हणून मी जुन्या फ्लेक्सच्या मागे काढायला लागले. वाढदिवस झाला, निवडणूक झाली, की चौकातले फ्लेक्स लोक गोठ्यावर टाकतात, गुरांच्या कुटारावर पांघरतात. मी एखादा मागून आणते. मागची बाजू पांढरीशुभ्र, आणि दारं रंगवून उरलेला ऑइलपेंट तिच्यावर असा घट्ट बसतो की विचारू नका. पुढच्या बाजूला कोणी हात जोडून हसत असेल, तर असू दे बिचारा. त्याच्या पाठीवर माझ्या म्हशी चरतात.

आमचे हे खामगावला कापसाच्या जिनिंगात कामाला होते. लग्नसराईत बँडमध्ये बेंजो वाजवायचे. तो बटनांचा, मांडीवर आडवा ठेवून छेडायचा. चाळीस वर्षं वाजवला, पण सगळी दुसऱ्यांचीच गाणी. एकदा मी अंगणात लांबच्या लांब फ्लेक्स पसरून बाजाराचं चित्र काढत होते. माझ्या डाव्या हाताला घर, मग शेळ्या, मधोमध बाभळीखाली एसटी, आणि उजव्या टोकाला पिंपळगावचा गच्च भरलेला बाजार. हे चित्राच्या पलीकडे, माझ्या समोर, बेंजो पुसत बसले होते.

"अहो, ह्या चित्राले एखादी धून बसवा ना," मी म्हटलं. "तुमची सोताची."

"माही धून?" हे हसले. "ते ऐकून लोकं नवरदेव शोधतीन."

"करून तं पाहा."

झालं! दोन महिने आमच्या अंगणात नुसता धुमाकूळ. मी अलीकडे रंगवतेय, हे पलीकडे वाजवताहेत. चांगली निघालेली धून एसटीपाशी आली की वरातीत घुसायची. मी ब्रश उगारून ओरडायची, "थांबा! घोडा आला!" मग पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला बेंजो असा धावायचा, की मला वाटायचं, वा, ही सकाळची घाई, शेळ्या सुटल्या, पिशवी घरीच राहिली. शेवटी संथ व्हायचा. बरोबर आहे, मी म्हणायची, बाजारात फिरून पाय दुखणारच. रिटायर झाल्यापासून गप्प गप्प असलेला हा माणूस आंघोळीला बसला तरी बादलीच्या काठावर बोटं नाचवायचा.

आमचं महिला मंडळ पौर्णिमेला विहारात जमतं. तिथे चित्र दाखवायचं आणि ह्यांनी वाजवायचं ठरलं. तेव्हा ह्यांनी मला बजावलं, "एक डाव वाजवतो. लोकाईपुढं फसलो, तं बेंजो माळ्यावर. मंग मले म्हणू नोको." चित्राला कोणी नावं ठेवली असती तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तो माळा काही माझ्या डोक्यातून जाईना.

पौर्णिमेच्या दुपारी विहार भरला. शेगावहून माझी नणंद मुद्दाम आली. चित्र भिंतीवर टांगलं, बायका म्हणाल्या, "अवं माय, हे तं आपलीच एसटी!" हे बसले, बेंजो मांडीवर घेतला, मान वर केली आणि तसेच राहिले.

"अवं," हे हळूच म्हणाले, "हे चित्र आपलं नोहे."

"आपलंच हाय. काऊन?"

"बाजार तं डाव्या हाताले असते. तुनं उलटं टांगलं."

"उलटं कसं? माणसं पायावर उभे हायेत ना!"

"माह्या चित्रात डोक्यावर असतेत!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन महिने हा माणूस समोर बसून माझं चित्र उलटं पाहत होता! त्यांचा बेंजो बाजारातून निघून घरी येत होता, आणि मी आपली घरातून बाजाराला चालले होते. मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. नणंद ओरडली, "दादा, शीर्षासन कर अन् वाजव!" सगळा विहार हसायला लागला.

हे मात्र हसले नाहीत. त्यांनी बेंजोच्या पेटीचं झाकण जवळ ओढलं.

मी उठले, भिंतीवरून चित्र ओढून काढलं आणि सरळ फरशीवर पसरलं. मी माझ्या बाजूला बसले. "या," म्हटलं, "आपल्या जागेवर बसा. अन् बायाहो, तुम्ही बी या इकडे, जिथून दिसते तिथून पाहा."

बायका उठल्या, चारही बाजूंनी दाटीवाटीने बसल्या. ह्यांनी डावीकडे पाहिलं. बाजार जागेवर होता. बोटं धावली! आता मला कळलं, ते कांदे होते, बांगड्यावाला होता, त्या शेळ्या नव्हत्याच. एसटीपाशी वरात डोकावली. मी डोळे वटारले, तर ह्यांनी मुद्दाम आणखी थोडी वाजवली, आणि बायका बसल्या जागी खांदे उडवायला लागल्या. मग शेळ्यांपासून धून हळू झाली. ह्यांच्या बाजूला बसलेली नणंद वाकून मला म्हणाली, "वहिनी, आपण घरी येऊन राह्यलो!"

धून संपली तशा बायका म्हणाल्या, "अजून एक डाव!" आणि अलीकडच्या पलीकडे, पलीकडच्या अलीकडे जाऊन बसल्या. तीनदा वाजवावं लागलं.

आता अंगणात नवा फ्लेक्स पसरलाय, नदीचा. परवा मी म्हटलं, "आता तरी इकडे माह्याजवळ येऊन बसा. दोघांले एकच चित्र दिसन."

"नाही वं," बटनं पुसत हे म्हणाले, "तिकून मले चित्र ऐकू येत नाही."