विनीतामावशीची काढून टाकलेली दहा पानं

विनीतामावशी माझी सख्खी मावशी नाही. टार्निटला आमच्या बाजूच्या घरात राहते. पुण्यात एका कंपनीत ती सोळा वर्षं जपानी ट्रान्सलेटर होती. मशीनची मॅन्युअल्स, मीटिंगा, सगळं तीच करायची. मग तिच्या नवऱ्याचा, शैलेंद्रकाकांचा, व्हिसा झाला आणि इकडे परदेशात तिच्या जपानीला कोणी विचारलं नाही. आता ती एका एज्ड केअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या होममध्ये, लाँड्री बघते.

मी शाळा इयर इलेव्हनला, म्हणजे अकरावीत, अर्ध्यात सोडली तेव्हा आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मावशीने लेक्चर दिलं नाही. "पोहे खाणार?" एवढंच विचारलं, आणि पुढच्या सोमवारी मला तिच्याच लाँड्रीत चिकटवलं. त्याला आता दोन वर्षं झाली. तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही.

ब्रेकमध्ये ती मुलांसाठी एक गोष्ट लिहायची. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं जपान, टोकियोला एदो म्हणायचे तेव्हाचं. त्यात ओहारू नावाची मुलगी, बाप दारोदार रद्दी गोळा करणारा. शनिवारच्या मराठी शाळेत ती गोष्ट वाचायची ठरली. त्याआधी तिने वही मला दिली.

"मुलांना कुठे कंटाळा येईल ते मला कळत नाही. तुला पटकन येतो."

"थँक्स हं, मावशी."

"कौतुकच करतेय. बोअर झालं तिथे पेन्सिलने रेघ मार. तेवढं मी काढून टाकीन."

वही तीन आठवडे माझ्या गाडीत पडून होती. मी एक पान वाचलं. मराठी वाचायला मला वेळ लागतो हे खरंय, पण ते कारण नाही. मी आळस केला. तिने मागितली त्या सकाळी पार्किंगमध्ये बसून पानं उलटली आणि मधल्या दहा पानांवर रेघा ओढल्या. वाचल्यासारखं दिसावं म्हणून. पाच मिनिटांचं काम.

शनिवारी मी तिला शाळेत सोडलं. हॉलच्या दाराशी ती थांबली.

"ती दहा पानं मी काढली. तुला सॉरी म्हणायचं होतं."

"मला? कशाला?"

"ओहारू शाळा सोडते ना त्यात. ते मी तुझ्यावरून घेतलं. आधी विचारायला हवं होतं. वाचून लागलं असणार तुला."

त्या पानांत मी होते हे मला आत्ता कळत होतं. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. पण ती माझी माफी मागत होती.

"मावशी, मी वाचलंच नाही. रेघा अशाच मारल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गुरुजी ओहारूला निरोप देतात तो प्रसंग मी अकरा वेळा लिहिलाय," म्हणाली आणि आत गेली.

मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. मावशी वाचत होती. एका पानावर ओहारू शाळेत होती आणि पुढच्याच पानावर बापाबरोबर रस्त्यावर. वेद नावाच्या पोराने हात वर केला.

"पण व्हाय इज शी नॉट इन स्कूल?"

मावशी थांबली. "ते पान आज नाहीये माझ्याकडे," म्हणाली आणि पुढे वाचायला लागली.

माझ्या शेजारी यतिन, वेदचा बाबा, बायकोला हळूच म्हणाला, "जपान कशाला? आपले मावळे संपले का?" दोघं हसले. एरवी मी त्याला तिथेच झापला असता. तोंड उघडलंसुद्धा. पण काय सांगणार होते, गोष्ट चांगली आहे म्हणून? मी तर ती वाचलीच नव्हती.

घरी जाताना मावशी गाडीत मागच्या सीटवर बसली.

"ती पानं देशील मला?" मी विचारलं.

"कशाला?"

"वाचायला."



पानं तिने अजून दिलेली नाहीत. मी रोज ब्रेकला मागते. ती "बघू" म्हणते.