काका वॉटर

काका खाणीत उतरले की आधी पाण्यात हात घालत आणि मग माणसांना गुड मॉर्निंग म्हणत. छतातून ठिबकणारा थेंब बोटांवर घ्यायचे, चोळायचे, हुंगायचे. "पावसाचं पाणी गार राहते अन् त्याले वास नसते," ते मला सांगत. "सडक्या अंड्याचा वास आला, तर ते जुन्या खाणीतलं. मग पळायचं."

काका मूळचे चंद्रपूरकडचे. अर्धं आयुष्य तिकडच्या कोळसा खाणींत गेलं, मग लेस्टरला मुलीकडे आले. घरी बसून कंटाळले आणि साठीत वेल्समधल्या या टीचभर खाणीवर पाणी मोजायला लागले. त्या खेड्यात माणसाला त्याच्या धंद्यावरून हाक मारायची पद्धत. पाववाला डेव्ह, तो डेव्ह ब्रेड. मी काकांना काका म्हणायचो, तेच सगळ्यांना त्यांचं नाव वाटलं. परिणामी त्यांच्याच वयाचे मॅनेजरसाहेबही त्यांना 'काका वॉटर' म्हणत आणि काका "येस सर" म्हणत.

मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. पाण्याशी माझा संबंध सोसायटीच्या टँकरपुरता. तरी कंपनीने मला तिथे सेन्सर बसवायला धाडलं, कारण मुलाखतीत मी 'हो' फार पटकन म्हणालो होतो. पहिल्या दिवशी मी हेल्मेट उलटं घातलं. गॅरेथ नावाच्या मुकादमाने ते सरळ केलं आणि म्हणाला, "दिवा पुढे ठेव. आपण मागे जात नाही आहोत."

खाणीच्या पुढे, कोळशाच्या भिंतीपलीकडे, शंभर वर्षांपूर्वी बंद पडलेली एक खाण पाण्याने तुडुंब भरून उभी होती. नेमकी कुठवर, ते जुन्या नकाशावर होतं. मी तो नकाशा मोठ्या भक्तिभावाने कॉम्प्युटरवर चढवला. काका म्हणाले, "पाण्यानं थोडीच पाह्यला हा नकाशा?"

आत जाणाऱ्या वाटेवर एका चरीत आडवा पत्रा बसवलेला होता, त्याला व्ही आकाराची खाच. खाणीत झिरपणारं सगळं पाणी त्या खाचेतून वाहायचं. खाचेत पाण्याची उंची वाढली, म्हणजे आत जास्त पाणी येतंय. काका पाळीत तीनदा गुडघ्यांवर बसून पोलादी पट्टीने ती मोजत आणि वहीत लिहीत. मी वर सेन्सर टांगला आणि जाहीर केलं, "काका, आता तुमचे गुडघे सुटले."

दुसऱ्याच आठवड्यात माझा अलार्म कोकलला. अकरा माणसं काम टाकून बाहेर आली. काका आत गेले आणि चिमटीत वेफर्सचं रिकामं पाकीट घेऊन परतले. तेच खाचेत अडकून पाणी तुंबलं होतं. गॅरेथने ते पाकीट फ्रेम करून कँटीनमध्ये लावलं, खाली माझं नाव.

मी लाजेने त्याच संध्याकाळी प्रोग्रॅममध्ये एक फिल्टर बसवला. अचानक वाढ दिसली, तर ती तासभर टिकेपर्यंत पडद्यावर दाखवायचीच नाही.

"काका, आता पाकिटाला घाबरायचं कारण नाही."

"अन् पाण्याले?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी वर कंट्रोल रूममध्ये चहा घेत होतो. पडद्यावरची रेषा अगदी सरळ. खालून फोन आला.

"तुझ्या पडद्यावर काय हाय?"

"नेहमीचंच, काका."

"इथं दोन इंच चढलं. अन् वास येऊन राहिला. आत गॅरेथ धरून पाच माणसं हायेत, कोळसा कापायच्या मशीनच्या आवाजात फोन घेत नाहीत. मी जातो आणाले. तू साहेबाले सांग, मशीनची वीज तोडा."

फोन बंद. साहेब मागेच उभे होते. मी निरोप सांगितला. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "इथे तर काहीच नाही. पुन्हा पाकीट तर नसेल ना? तुझं मत काय?"

मत काय! मी माझ्या लॅपटॉपवर फिल्टर काढून मूळ आकडे उघडले होते. पंचवीस मिनिटं पाणी चढत होतं. ते मला दिसत होतं, साहेबांना नव्हतं. बोललो, तर फिल्टर मी लावला हेही बोलावं लागणार. मग नोकरी, व्हिसा, पुण्याला आईला फोन. हे सगळं डोक्यातून गेलं आणि मग मी म्हणालो, "वीज तोडा, सर. पाकीट नाही. चूक माझी आहे."

त्यांनी खटका ओढला आणि आम्ही खाणीच्या तोंडाशी धावलो. ती तिरकी उतरत जाणारी वाट, आत मिट्ट काळोख. मी दिवे मोजायला लागलो. एक. दोन. बऱ्याच वेळाने तिसरा, चौथा. आतून दगड घासल्यासारखा आवाज यायला लागला. मग दोन दिवे एकमेकांना चिकटून आले. गॅरेथने काकांना जवळजवळ उचललंच होतं. दोघेही कमरेपर्यंत नारिंगी चिखलाने माखलेले. त्यांच्यामागे पाणी वाटेच्या वळणापर्यंत आलं आणि तिथे थांबलं.

चौकशीसाठी जबानी लिहायची होती. मी लिहिलं, "थोडा वेळ विचार करून मी वीज तोडायला सांगितलं." काकांनी कागद वाचला आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"थोडा म्हणजे किती? मी साहेब बनतो. तू जसा गप्प बसला, तसा बस."

 मी तसा बसलो. तोंड उघडलं तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "एकोणीस सेकंद. लिही."

लिहिलं. मला कोणी काढलं नाही. खाणच गेली, पंप बंद केले आणि पाण्याला वर येऊ दिलं. काका लेस्टरला निघाले, त्या दिवशी मी त्यांची बॅग गाडीत ठेवली आणि माफी मागायला तोंड उघडलं.

"राहू दे," ते म्हणाले. "अहवालात हाय सगळं."

"काका, तेव्हा तुम्ही कुठे होता? त्या एकोणीस सेकंदांत?"

त्यांनी सीटबेल्ट लावला, काच अर्धी वर केली.

"ओरडून राहिलो होतो, बापा. मशीन चालू होती. कोणालेच ऐकू जात नव्हतं."