घबराहट म्हंजे काय?

अंजूरहून भिवंडीला जाणाऱ्या शेअर रिक्षात ती म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. सारखी पदर पिळायची, बाहेर डोकवायची, पुन्हा सावरून बसायची. नवऱ्याचं औषध आणायला निघाली होती. त्याचं आयुष्य गोदामात हिंदी बोलणाऱ्या माणसांबरोबर काम करण्यात गेलेलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्या तोंडून मराठी निघेना, फक्त हिंदी येई. आणि हिला हिंदी कळत नव्हती.

"ताई, घबराहट म्हंजे काय गो? सकालपासून तेच बोलतान."

"जीव घाबरा होणं. भीती वाटणं."

तिचा हात थांबला. "आन् मी नुसतं पानी पाजत बसले!" तिने रिक्षा थांबवायला लावली.

"अहो, औषध?" मी विचारलं.

"लेक आनंल. आधी त्यांच्याजवल बसतं."

औषध वेळेवर पोचलं असेल ना, याची पुढचे काही दिवस मला रुखरुख लागून राहिली. मग एका सकाळी ती नाक्यावर नवऱ्याला धरून उभी दिसली. दोघं दवाखान्यात निघाली होती. शेजारून कंटेनर गेला तसा तो दचकून म्हणाला, "डर लगता है."

"मी हाय ना," ती आपल्याच बोलीत म्हणाली.

तो निमूट रिक्षात चढला.